बॅटरीवर 'नॅनो ग्राफीन' लिहिलंय, पण आत नक्की काय असतं?

सुनंदा_मिरज

नमस्कार मंडळी. माझ्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे, १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे ६० व्होल्ट २० अँपिअर-अवर. शाळेत जाणं-येणं, मंडई, सासूबाईंना दवाखान्यात नेणं सगळं तिच्यावरच. नवीन होती तेव्हा एका चार्जिंगला ५५ किलोमीटर आरामात जायची, चौदा महिन्यांत २५ वर आली आणि आता तर शाळेतून घरी पोचेपर्यंत जीवात जीव नसतो, मागच्या आठवड्यात भर उन्हात दीड किलोमीटर ढकलत आणली.

आता दुकानदार म्हणतात जुन्या काढा आणि 'नॅनो ग्राफीन' बॅटऱ्या टाका, साडेचार हजार जास्त पडतील पण आयुष्य दुप्पट. मिस्टर म्हणतात लिथियम घेऊ. मी विज्ञान शिकवते त्यामुळे ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा, २००४ साली गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून काढला आणि २०१० ला नोबेल मिळालं एवढं मला माहीत आहे. पण तो बॅटरीत जाऊन नेमकं काय करतो? आणि मुळात बारीक कण केल्याने वीज जास्त कशी साठते? कुणी नीट समजावून सांगेल का, पैसे घालायच्या आधी समजून घ्यायचंय.

निवृत्त_अभियंता_ठाणे

चांगला धागा काढलात. नॅनो नॅनो गेली वीस वर्षं ऐकतोय, मलाही जाणून घ्यायचंय. वाचतोय.

सूक्ष्मकण

सुनंदाताई, माझी पीएचडी पुण्यात याच विषयात झाली, त्यामुळे थोडं लांबण लागेल पण सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण गोंधळ तिथेच होतो. बारीक कण केल्याने पदार्थात मावणारी वीज वाढत नाही. किती मावणार ते रसायन ठरवतं. नॅनो केल्याने बदलते ती वाट, म्हणजे आयनला (विद्युतभार असलेल्या अणूला) आणि इलेक्ट्रॉनला कणाच्या आत जायला यायला किती लांब चालावं लागतं ते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे तुमचे मिस्टर म्हणतायत ती लिथियम, बहुतेक एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेट. १९९७ साली अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातून हा पदार्थ जगापुढे आणला. (गुडइनफना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, व्हिटिंगहॅम आणि योशिनोंसोबत, लिथियम-आयन बॅटरीसाठी. पण पाढी आणि नंजुंडस्वामी ही आपल्या देशातून गेलेली नावं किती जणांना माहीत असतात?) लोखंड स्वस्त, फॉस्फेट स्वस्त, तापलं तरी ऑक्सिजन सहजी सोडत नाही म्हणून सुरक्षित. हिशेबाने एका ग्रॅममध्ये १७० मिलीअँपिअर-अवर मावायला हवेत, पण सुरुवातीला अगदी हळू चार्ज करूनही १००-११० च्या आसपासच मिळायचे. पदार्थ चांगला पण आतला माल बाहेरच येत नाही अशी गत. कारण दोन, एक म्हणजे हा पदार्थ विजेचा फारच वाईट वाहक, आणि दुसरं म्हणजे त्याच्या स्फटिकात लिथियम फक्त एकाच दिशेने सरकतं, जुन्या पेठेतल्या बोळासारखं. बोळात एक हातगाडी अडकली की मागचे सगळे खोळंबले. स्फटिकात एक लोखंडाचा अणू चुकीच्या जागी बसला की ती हातगाडीच.

मग दोन उपाय निघाले. कॅनडात आर्मांड आणि रावे यांच्या गटाने कणांवर कार्बनचा पातळ लेप दिला, त्यामुळे इलेक्ट्रॉनची सोय झाली. आणि कण बारीक केले म्हणून बोळ आखूड झाले. इथे गणित फार सुंदर आहे, आत सरकायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे कण २० पट लहान केला की वेळ ४०० पट कमी. समजा १ मायक्रॉनचा (म्हणजे १००० नॅनोमीटरचा) कण भरायला साडेअकरा दिवस लागत असतील तर ५० नॅनोमीटरचा पाऊण तासात भरेल. रसायन तेच, वजन तेच, फक्त बारीक केलं. आज रस्त्यावर धावणाऱ्या कितीतरी गाड्या आणि रिक्षा या एका गोष्टीवर चालतात.

ग्राफीनचं दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, मुलीला क्लासवरून आणायचंय.

माड_आणि_मी

अप्रतिम समजावलंत ताई. बोळ आणि हातगाडी एकदम डोक्यात बसलं.

विदुला_मिशिगन

सूक्ष्मकण, छान लिहिलंय, पण दुसरी बाजू पण यायला हवी म्हणून लिहितेय. मी इथे इलेक्ट्रोडच्या, म्हणजे बॅटरीतल्या प्लेटच्या, कोटिंग लाइनवर काम करते आणि आमचं रोजचं भांडण बारीक कणांशीच असतं.

कण बारीक केला की पृष्ठभाग वाढतो, आणि बॅटरीत नको त्या गोष्टी सगळ्या पृष्ठभागावरच घडतात. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतला द्रव, तिथेच कुजतं, त्याचा थर बसतो, त्या थरात लिथियम कायमचं अडकतं. ग्रॅफाइटच्या बाजूला तर पहिल्याच चार्जिंगला हा थर बसतो आणि थोडं लिथियम तिथेच खर्ची पडतं, तेवढं गृहीतच धरलेलं असतं. तोच पृष्ठभाग दहापट केलात तर खर्च पण त्या मानाने वाढणार. शिवाय बारीक पावडर दबत नाही, मैदा आणि रवा एकाच डब्यात भरून बघा, मैदा चाळून भरला की किती फुगून बसतो. बॅटरीच्या डब्यात तसंच, दर लिटरला ऊर्जा कमी. आणि ही पावडर हवेतलं पाणी ओढून घेते, पाणी आत राहिलं की सेल फुगतो, म्हणून आमच्या कोटिंग हॉलमध्ये इतकी कोरडी हवा असते की हिवाळ्यात ओठ फुटून रक्त येतं.

म्हणून कारखान्यात काय करतात तर मूळ कण नॅनोच ठेवतात पण त्यांचे लाडवासारखे काही मायक्रॉनचे गोळे वळतात. आत बारीक, बाहेरून जाड. प्रयोगशाळेतल्या पेपरात हे लाडू वळायचं काम फारसं दिसत नाही पण खरी मेहनत तिथे असते.

सूक्ष्मकण

विदुला, अगदी मनातलं लिहिलंस. माझी सगळी पीएचडी याच एका दुखण्यावर गेली, सिलिकॉनवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या मोबाइलच्या बॅटरीत चार्ज होताना लिथियम ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतं, ग्रॅममागे ३७२ मिलीअँपिअर-अवर. त्याच जागी सिलिकॉन घेतला तर साडेतीन हजारांच्या वर, जवळजवळ दहापट. मग सगळे सिलिकॉन का वापरत नाहीत? कारण तो लिथियम पिऊन सुमारे चौपट फुगतो आणि डिस्चार्जला परत आक्रसतो. रोज फुगणं, रोज आक्रसणं, शेवटी पिठी होते.

मी पहिला इलेक्ट्रोड केला तो दिवस अजून आठवतो. सिलिकॉनची पावडर, कार्बन ब्लॅक (काजळीसारखा कार्बन) आणि बाइंडर (पावडर चिकटवून धरणारा पदार्थ) खलात घोटून काळी कुळकुळीत स्लरी केली, डांबरासारखी चमकणारी, तांब्याच्या फॉइलवर डॉक्टर ब्लेडने पसरली, रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवली, सकाळी चकत्या पाडल्या आणि ग्लोव्हबॉक्समध्ये जाड रबरी हातमोज्यांतून एकेक चकती चिमट्याने उचलून नाण्याएवढ्या सेलमध्ये बसवली. पहिल्या चार्जला आकडा इतका मोठा आला की मी गाइडना फोन केला. दहाव्या सायकलला निम्मा. तिसाव्याला जवळजवळ काहीच नाही. सेल उघडून मायक्रोस्कोपखाली धरला तर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा तळ दिसत होता हो, चिखलाला पडतात तशा भेगा, आणि मधले तुकडे फॉइलवरून सुटून आलेले.

मग नॅनोकडे वळले. २००८ साली स्टॅनफर्डच्या यी कुई यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोवायर थेट धातूवर उगवून दाखवल्या होत्या, वायरींच्या मध्ये मोकळी जागा असते त्यामुळे फुगायला वाव मिळतो. आणि २०१२ च्या सुमाराला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष चार्ज करून बघितलं गेलं की साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा लहान कण फुटतच नाही, मोठा फुटतो. म्हणजे बारीक केल्याने फुटणं थांबलं. पण विदुला म्हणते तेच, पृष्ठभागावरचा थर दर वेळी कण फुगला की तडकतो, आक्रसला की नवीन जागा उघडी पडते, तिथे परत थर, परत लिथियम खर्च. कण वाचला, लिथियम संपलं.

सगळ्यात मोठा फरक मला पडला तो कणामुळे नाही, बाइंडरमुळे. नेहमीचा पीव्हीडीएफ नावाचा बाइंडर काढून सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) वापरला, आइस्क्रीम घट्ट ठेवायला घालतात तोच. तो सिलिकॉनच्या पृष्ठभागाला धरून ठेवतो. २०११ मध्ये तर तपकिरी समुद्रशैवालातलं अल्जिनेट वापरून फार चांगला निकाल आल्याचं प्रसिद्ध झालं. सिलिकॉनला सावरायला आइस्क्रीममधला डिंक आणि समुद्रातलं शेवाळ कामी आलं याचं मला आजही अप्रूप वाटतं. आता बाजारातल्या बऱ्याच सेलमध्ये ग्रॅफाइटसोबत सिलिकॉन ऑक्साइड मिसळलेलं असतं, पण थोड्या टक्क्यांत. निव्वळ सिलिकॉन अजूनही अवघडच.

बॅटरीवाले_इचलकरंजी

सुनंदाताई, तुमच्या मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. माझं २२ वर्षं बॅटरीचं दुकान आहे, आधी ट्रॅक्टर-ट्रक आणि इन्व्हर्टर, आता निम्मं काम ई-स्कूटर नि ई-रिक्षाचं.

तुमच्या गाडीतल्या शिशाच्या, सीलबंद. पाणी घालायची सोय नाही. या का जातात ते सांगतो. मी मेलेल्या बॅटऱ्या कापून बघतो, गिऱ्हाइकाला दाखवतो पण. झाकण काढलं की आत काचेच्या कापसाची गादी असते, ती ओली पाहिजे, तुमच्यासारख्या केसमध्ये ती कोरडी ठणठणीत लागते. मग निगेटिव्ह प्लेट काढायची नि नखानं ओरखडायची. चांगली प्लेट असंल तर मऊ लागते आणि ओरखड्यात शिसं चकाकतं. खराब झालेली असंल तर नखाखाली वाळूसारखं करकर लागतं, पांढुरकं, चमक नाही. ते सल्फेट. अर्धी चार्ज झालेली बॅटरी तशीच ठेवली, रोज थोडं थोडं चार्ज केलं, की हे सल्फेटचे खडे मोठे होत जातात आणि मग परत शिसं होत नाहीत.

आता ग्राफीन. निगेटिव्ह प्लेटच्या लगद्यात कार्बन घालायची रीत फार जुनी आहे, कार्बन ब्लॅक, बेरियम सल्फेट आणि लिग्निन हे तीन घालतातच, नाहीतर प्लेट लवकर बसते. कार्बनानं खडे मोठे व्हायला अडथळा होतो आणि चार्ज लवकर घेते. ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूब घातली तर त्यातच थोडा जास्त फायदा होत असणार, मी नाही म्हणत नाही. पण ताई, पॉझिटिव्ह प्लेटचं काय? तिथली जाळी गंजते, लगदा सुटून खाली पडतो. पाणी उडून जातं. ग्राफीन निगेटिव्हला घातलं तर पॉझिटिव्ह कशी सुधारंल? आयुष्य दुप्पट हे मला पटत नाही, आणि लेबलावर ग्राफीन किती टक्के घातलंय ते मी आजवर एकाही बॅटरीवर वाचलेलं नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. शिशाची बॅटरी किलोला ३०-४० वॅट-अवर देते. तुमची १२ व्होल्ट २० ची म्हणजे २४० वॅट-अवर, तर साडेसहा-सात किलो भरणार. दुकानात ग्राफीनवाली काट्यावर ठेवा. तेवढीच भरली की समजायचं आत शिसंच आहे, नाव काही का असेना.

सूक्ष्मकण

काका, नखाने ओरखडून प्लेट तपासायची ही पद्धत मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नाही. मनापासून आभार. आणि तुमचं विश्लेषण अगदी बरोबर आहे.

एक भर घालते. कार्बन नॅनोट्यूब लिथियम बॅटरीत खरोखरच कारखान्यात वापरतात, पण वीज साठवायला नाही, कणाकणांमध्ये तारा ओढल्यासारखी जोडणी करायला. अगदी थोडी टाकली तरी पुरते. म्हणजे ती सुतळी आहे, धान्य नाही.

माड_आणि_मी

माझा प्रश्न वेगळा आहे. आम्ही देवगडकडचे, आमच्याकडे नारळाच्या करवंट्या ढिगाने. चुलीत घालतो नाहीतर कोळसा करणाऱ्याला देतो. करवंटीपासून सुपरकपॅसिटर होतो असं वाचलं, ते खरं आहे का आणि आमच्यासारख्याला त्यात काही करता येईल का?

सूक्ष्मकण

शंभर टक्के खरं आहे दादा. सुपरकपॅसिटरमधला कार्बन बऱ्याच अंशी करवंटीचाच असतो, जपानची कुरारे नावाची कंपनी हा कार्बन बनवण्यात जुनी आणि नावाजलेली आहे. करवंटी घट्ट असते, राख कमी, त्यामुळे कोळसा कणखर होतो. मग त्याच कोळशावर खूप तापमानाला वाफ किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड सोडलं की आत असंख्य बारीक छिद्रं पडतात. एका ग्रॅममध्ये दीड हजार चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग होतो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे चिमूटभर कोळशात बारा मैदानं.

सुपरकपॅसिटरमध्ये रासायनिक क्रिया नसते, आयन नुसते येऊन या भिंतींना चिकटतात आणि सुटतात. म्हणून सेकंदांत चार्ज होतो आणि लाखो वेळा चालतो. पण साठा कमी. हिशेब करून बघा, ३००० फॅरडचा (फॅरड हे कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) २.७ व्होल्टचा सेल, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा, त्यात जेमतेम ३ वॅट-अवर मावतात. तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत पाऊणशे ग्रॅममध्ये १८-१९. म्हणून शांघायमध्ये २००६ साली सुपरकपॅसिटरच्या बस सुरू झाल्या तेव्हा त्या थोड्या थोड्या थांब्यांवर चार्ज व्हायच्या, लांब जायचं नव्हतंच.

यातली मला सगळ्यात आवडती गोष्ट सांगते. आधी सगळ्यांना वाटायचं की छिद्र आयनपेक्षा चांगलं मोठं हवं, कारण द्रवात आयन एकटा नसतो, भोवती द्रावकाचे रेणू गुंडाळलेले असतात. २००६ मध्ये गोगोत्सी आणि सिमों यांच्या गटांनी दाखवलं की १ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत उलट जास्त चार्ज साठतो. म्हणजे आयन आपलं पांघरूण बाहेर सोडून आत शिरतो आणि भिंतीच्या आणखी जवळ जातो. आपल्याकडे पावसात शेतावरून आलेला माणूस इरलं पडवीत उतरवून मग वाकून आत येतो ना, तसं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जपून देते. साधा करवंटीचा कोळसा आणि सुपरकपॅसिटरचा कार्बन यांत फार अंतर आहे. लोह, क्लोराइड वगैरे अशुद्धी अगदी काढून टाकाव्या लागतात, नाहीतर सेल बसल्या जागी डिस्चार्ज होतो. भट्टी, धुणं, सांडपाणी हे सगळं मोठ्या भांडवलाचं काम. तामिळनाडू-केरळात करवंटीच्या कोळशाचे आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचे कारखाने आहेत, तिथे पाणी शुद्ध करायचा कार्बन आधी होतो. आपल्या किनाऱ्यावर चारपाच गावांनी मिळून करवंट्या गोळा करून चांगल्या प्रतीचा, धूर न सोडता केलेला कोळसा विकला तरी पहिली पायरी होईल. मला हे व्हावं असं फार वाटतं.

थिनफिल्म_कोल्हापूर

नमस्कार, मी कोल्हापूरला एम.एस्सी. करतोय, शिवाजी विद्यापीठात पातळ फिल्मवर किती जुनं काम आहे ते सगळ्यांना माहीतच आहे. आमच्याकडे सिलार पद्धत शिकवतात. महागडं मशीन लागत नाही, चार बीकर लागतात, एकात धातूच्या आयनचं द्रावण, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात सल्फाइडचं द्रावण, चौथ्यात परत पाणी, आणि काच एकामागून एक बुडवत जायची. कॅडमियम सल्फाइड केलं तेव्हा पाचसहा डुबक्यांपर्यंत काहीच दिसत नव्हतं, मग हळूच काचेवर लिंबाच्या सालीसारखी पिवळी झाक आली, तो क्षण मी कधी विसरणार नाही. (कॅडमियम विषारी आहे, हातमोजे आणि सांडपाण्याची वेगळी बाटली लागतेच.)

माझा प्रश्न असा की आता मी निकेलच्या हायड्रॉक्साइडची फिल्म स्टीलवर करतोय सुपरकपॅसिटरसाठी आणि मला ग्रॅममागे हजाराच्या वर फॅरड मिळतायत. करवंटीच्या कार्बनला ऑरगॅनिक इलेक्ट्रोलाइटमध्ये शंभरच्या आसपास मिळतात. मग बाजारात कार्बनच का चालतो?

विदुला_मिशिगन

फिल्मचं वजन किती आहे, दर चौरस सेंटिमीटरला?

थिनफिल्म_कोल्हापूर

०.३ मिलिग्रॅम.

विदुला_मिशिगन

तिथेच उत्तर आहे. कारखान्यातला कार्बनचा इलेक्ट्रोड दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅमच्या घरात असतो. तुझ्या फिल्मच्या खाली जे स्टील आहे त्याचं वजन फिल्मच्या शेकडो पट, वर इलेक्ट्रोलाइट, सेपरेटर, डबा. सगळं धरून भागलंस तर हजार फॅरडचं काय उरतं ते बघ. ०.३ मिलिग्रॅममध्ये प्रत्येक कणापर्यंत आयन पोचतो म्हणून आकडा मोठा येतो, तीच फिल्म तीसपट जाड केली की खालच्या थरापर्यंत कुणी पोचतच नाही. गोगोत्सी आणि सिमों यांनी २०११ मध्ये नेमकं यावरच लिहिलं होतं की ग्रॅममागचा आकडा एकटा देऊ नका, इलेक्ट्रोडची जाडी आणि क्षेत्रफळ पण सांगा.

सूक्ष्मकण

आणि दुसरं, निकेल हायड्रॉक्साइड हा खरं तर बॅटरीचा पदार्थ आहे, निकेल-कॅडमियम बॅटरीत तोच असायचा. त्याच्या व्होल्टेजच्या आलेखात सपाट पायरी येते. त्याला फॅरडमध्ये मोजणंच बरोबर नाही, कूलंब किंवा मिलीअँपिअर-अवरमध्ये मोज. पण वाईट वाटून घेऊ नकोस, छापून आलेल्या कितीतरी पेपरांत हीच चूक आहे. तू एम.एस्सी.ला असताना विचारलंस हे फार चांगलं झालं. वजन वाढवून परत कर आणि सांग.

निवृत्त_अभियंता_ठाणे

साठवणीचं झालं, सौर ऊर्जेचं कोणी काही बोललं नाही. आणि सोडियम बॅटरीबद्दलही ऐकतो.

सूक्ष्मकण

सौर थोडक्यात सांगते काका, तो माझा प्रांत नाही. ओरीगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये पांढऱ्या पेंटमध्ये असणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांची सच्छिद्र फिल्म करून तिला प्रकाश शोषणारा रंग चढवला आणि सौर सेल केला. सपाट फिल्मवर रंगाचा एकच थर बसतो आणि तो प्रकाश फार थोडा शोषतो, पण १० मायक्रॉनच्या सच्छिद्र फिल्मच्या आत त्याच्या शेकडो पट पृष्ठभाग असतो, म्हणून सात टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळाली. २००९ मध्ये जपानात मियासाकांच्या गटाने त्याच बांधणीत रंगाऐवजी पेरोव्हस्काइट नावाचा प्रकाश शोषणारा स्फटिक घातला, तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आता प्रयोगशाळेत २६ च्या वर. दमट हवा आणि उष्णता त्याला सोसत नाही ही अडचण, आणि आपल्या कोकणात दोन्ही भरपूर. छतावर आज तरी सिलिकॉनच.

सोडियमचं म्हणाल तर आयआयएसईआर ही पुण्याची विज्ञान संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये आपलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. गंमत अशी की सोडियम ग्रॅफाइटच्या थरांत नीट बसत नाही, त्याला हार्ड कार्बन लागतो, ज्यात थर वेडेवाकडे असतात आणि मध्ये नॅनोमीटरभर पोकळ्या. आणि हा हार्ड कार्बन करवंटीपासूनही करता येतो, देवगडच्या दादांनी लक्षात ठेवावं.

माड_आणि_मी

ठेवलं ताई. रविवारी वाडीत विषय काढतो.

सुनंदा_मिरज

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल संध्याकाळी दुकानात गेले, सोबत भाजीवाल्या मावशींचा काटा नेला होता. 'ग्राफीन' बॅटरी ६ किलो ७०० ग्रॅम भरली. माझी जुनी साधी काढून ठेवली, ती ६ किलो ६००. दुकानदारांना विचारलं ग्राफीन किती घातलंय, ते म्हणाले वरून आलेलं लेबल आहे, मला माहीत नाही. भांडण नाही केलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

एलएफपीचा पॅक बघतेय. पाच शिशाच्या मिळून ३३ किलो, हा ११ किलो. इचलकरंजीच्या काकांना विचारायचं होतं, जुना चार्जर चालेल का?

बॅटरीवाले_इचलकरंजी

अजिबात नाही ताई. शिशाचा चार्जर लिथियमला लावायचा नाही, व्होल्टेजही वेगळं आणि शिशाच्या चार्जरमध्ये शेवटी जो फ्लोट (भरल्यावरही चालू राहणारा हलका चार्ज) असतो तो एलएफपीला नको. पॅकसोबत त्याच पॅकचा चार्जर आणि आत बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) आहे का ते लिहून घ्या. पॅकमध्ये १९ सेल सिरीजमध्ये आहेत की २० तेही विचारा, चार्जर त्याप्रमाणे लागतो. जुन्या पाच बॅटऱ्या भंगारवाल्याला फुटकळ देऊ नका, नवीन घेताना दुकानातच परत द्या, शिसं उघड्यावर वितळवणाऱ्याच्या हाती जायला नको, त्या धुरानं पोरांचं फार वाटोळं होतंय. आणि तुमचा जुना चार्जर घरात ठेवणार असाल तर त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, दुसऱ्या कुणी चुकून लावायला नको.

सुनंदा_मिरज

सासूबाईंनी आत्ताच लिहिलं, लाल पेनने. २० सेल आहेत, विचारून घेतलं.

थिनफिल्म_कोल्हापूर

विदुलाताई, सूक्ष्मकणताई, तीन आठवडे लागले पण केलं. स्टीलऐवजी निकेलचा फोम घेतला आणि डुबक्या वाढवून ४ मिलिग्रॅमपर्यंत नेलं, त्याच्या पुढे फिल्म सुटून बीकरच्या तळाला जाते. ग्रॅममागचा आकडा निम्म्याहून खाली आला. दर चौरस सेंटिमीटरला मात्र आधीपेक्षा कितीतरी जास्त साठतंय. सरांना दाखवलं, ते म्हणाले दोन्ही आकडे एकाच तक्त्यात लिही, मिलीअँपिअर-अवरमध्ये.

विदुला_मिशिगन

४ मिलिग्रॅम सिलारने, हाताने बुडवून? शाब्बास. सुटते ती फिल्म कुठून सुटते ते बघ, फोमच्या कडेला की मध्ये. कडेला सुटत असेल तर प्रत्येक डुबकीनंतर जास्त वेळ धुऊन बघ, सैल चिकटलेलं आधीच निघून जाईल.

थिनफिल्म_कोल्हापूर

कडेलाच सुटते. उद्या सकाळी लॅब उघडली की करतो.